निस्सीम इझिकेल : भायखळ्यातल्या मराठी ज्यू घरातला मुलगा भारतीय इंग्रजी कवितेचा 'मास्तर' कसा झाला?

शाळेत किंवा कॉलेजात इंग्रजीच्या पुस्तकात विंचवाची एक कविता होती, आठवतेय? धो-धो पावसाची रात्र. तांदळाच्या पोत्याखाली लपलेला विंचू आईला डंख मारून पळून जातो. सगळी वाडी कंदील-मेणबत्त्या घेऊन गोळा होते, देवाचं नाव घेत कुणी पाप-पुण्याचा हिशेब मांडतं, कुणी पुढच्या जन्माचा. एरवी कशावरही विश्वास न ठेवणारा बाप त्या रात्री औषध, पावडर, काढा सगळं करून बघतो, शेवटी डंख झालेल्या बोटावर रॉकेल ओतून काडी लावतो. वीस तासांनी विष उतरतं. आणि आई एवढंच म्हणते की बरं झालं, मलाच चावला, पोरांना नाही.

'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' असं त्या कवितेचं नाव. भारतातल्या कित्येक बोर्डांच्या पुस्तकांत ती होती. ब्रिटनमध्ये दहावीच्या बरोबरीची जी जीसीएसई परीक्षा असते, तिच्या कवितासंग्रहातही ती अनेक वर्षं होती, म्हणजे लंडन-मँचेस्टरमधल्या पोरांनीही तिच्यावर पाच-दहा मार्कांची उत्तरं घोकली आहेत. खाली कवीचं नाव असायचं निस्सीम इझिकेल. बहुतेकांनी ते नाव वाचून एवढाच अंदाज बांधला की असेल कुणी परदेशी.

तर हे 'परदेशी' गृहस्थ मुंबईत जन्मले, भायखळ्याच्या शाळेत शिकले, गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात एम. ए. झाले, आणि त्यांच्या बायकोचं माहेरचं आडनाव होतं दांडेकर.

नाव परदेशी, समाज कोकणातला

निस्सीम यांचा जन्म १६ डिसेंबर १९२४ चा. हिब्रूत 'निस्सीम' म्हणजे चमत्कार. मराठीत याच शब्दाचा अर्थ सीमा नसलेला. हा निव्वळ योगायोग, पण या माणसाच्या बाबतीत तो जुळून आला आहे.

इझिकेल कुटुंब बेने इस्राएल समाजातलं. 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची लेकरं. या समाजाची परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली. त्यांचे वंशज कोकणात पसरले, मराठी बोलू लागले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. हिब्रू भाषा विसरली, पोथ्या समुद्रात गेल्या, पण एक गोष्ट टिकली. शनिवारी काम करायचं नाही. ज्यूंचा 'शब्बाथ' म्हणजे विश्रांतीचा वार हाच. म्हणून आजूबाजूच्या लोकांनी त्यांना नाव पाडलं, 'शनवार तेली'.

आडनावंही कोकणी रिवाजाप्रमाणे गावावरून पडली. नवगावकर, पेणकर, किहिमकर, राजपूरकर. जुन्या हिंदी सिनेमातले 'बूट पॉलिश'वाले डेव्हिड आठवतात? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. महालक्ष्मी-वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाने आहे ते मुंबईचे महापौर एलिजा मोझेसही याच समाजातले. लग्नात मेहंदी, नवसाला पोहे-नारळाचा 'मलिदा', आणि बायबलमधल्या गोष्टींवर चक्क मराठी कीर्तनं. असा हा समाज होता.

१८व्या-१९व्या शतकात हे लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत आले. आधी मशीद बंदर-डोंगरीच्या बाजूला, मग हळूहळू भायखळा, माझगाव, आग्रीपाडा, सात रस्ता. भायखळ्यात त्या काळी ज्यूंचे दोन गट शेजारी-शेजारी राहत होते आणि त्यांचं आपसात फारसं गूळपीठ नव्हतं. एक हे मराठी बोलणारे बेने इस्राएली. दुसरे बगदादहून आलेले व्यापारी, ससून घराण्यासारखे गब्बर. सर जे. जे. रोडवरचं घड्याळाच्या मनोऱ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग याच डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. बगदादी मंडळी बेने इस्राएलींना आपल्या बरोबरीचे ज्यू मानायला नाखूश असत. म्हणजे बाहेरच्यांसाठी तुम्ही ज्यू, आणि ज्यूंसाठी तुम्ही पुरेसे ज्यू नाही. (त्या सिनेगॉगच्या आवारातल्या ससून शाळांमध्ये आज शिकणारी बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. भायखळ्याला ओळखणाऱ्या कुणाला याचं नवल वाटणार नाही.)

भायखळ्याची शाळा

निस्सीम यांचे वडील मोझेस इझिकेल विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आई स्वतःची शाळा चालवायची. म्हणजे घरात दोन्हीकडून मास्तरकी. घाण्याचं तेल मागे पडून दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या आणि शिकलेल्या बेने इस्राएली घरांमध्ये इंग्रजीचं वजन वाढलेलं होतं. निस्सीम यांची लिहायची भाषा इंग्रजीच झाली.

शाळा होती भायखळ्याची अँटोनियो डिसूझा हायस्कूल. ख्रिस्ती शाळा, वर्गात हिंदू-मुसलमान पोरं, आणि त्यात हा एक अशक्त, चष्मिस ज्यू. आपल्या 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या आत्मचरित्रात्मक कवितेत त्यांनी या दिवसांबद्दल लिहिलंय. येशूला मारल्याचा ठपका ठेवून पोरं त्यांना छळायची, आणि दुसरीकडे बायबलच्या विषयात बक्षीसही त्यांनाच मिळायचं. ही कविता रडगाणं नाही. तिरकस आहे, स्वतःवरही हसणारी आहे. पूर्वजांचा तेलाचा धंदाही तिच्यात येऊन जातो.

बेलासिस रोडवरच्या 'द रिट्रीट' या इमारतीशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. बेलासिस रोड म्हणजे आजचा जहांगीर बोमन बेहराम मार्ग, पण भायखळा-मुंबई सेंट्रलमधला कुणीही अजून त्याला बेलासिसच म्हणतो. एका अंगाला नागपाडा, लागूनच कामाठीपुरा. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तो याच वस्तीतून. थोडं उत्तरेला गेलं की गिरण्या आणि परळ, जिथे नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत मुलांना शिकवत होते आणि 'माझे विद्यापीठ' लिहीत होते. तीन भाषा-जगांतले, तीन वर्गांतले तीन कवी. तिघांचीही मुंबई काही किलोमीटरच्या आत मावते. मराठीत आपण सुर्वे-ढसाळांना 'मुंबईचे कवी' म्हणतो आणि इझिकेलना 'इंडियन इंग्लिश' नावाच्या कप्प्यात टाकून देतो, हे मला तरी पटत नाही.

लंडनचं तळघर आणि बोटीवरची झाडलोट

विल्सन कॉलेजातून इंग्रजीत एम. ए. झाल्यावर काही काळ शिकवणं, आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचं काम. काँग्रेसही नको आणि कम्युनिस्टही नकोत असं म्हणणारा हा बुद्धिवादी तरुणांचा पक्ष होता. पण १९४८ पर्यंत त्याची घडी मोडत आली होती.

नोव्हेंबर १९४८ मध्ये इझिकेल लंडनला गेले. तिकिटाचे पैसे दिले मित्राने. तो मित्र म्हणजे इब्राहिम अल्काझी, जे पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले आणि ज्यांच्या हाताखाली नसीरुद्दीन शाह, ओम पुरी यांच्यासारखे नट तयार झाले. मुंबईतल्या त्या पोरांची टोळीच भन्नाट होती. कुणी नाटक, कुणी चित्रं, कुणी कविता, आणि खिसे सगळ्यांचेच रिकामे.

लंडनमध्ये साडेतीन वर्षं. बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान, राहायला तळघरातली खोली, कडकी पाचवीला पुजलेली. १९५२ मध्ये तिथल्या फॉर्च्यून प्रेसने त्यांचा पहिला कवितासंग्रह छापला, 'अ टाइम टु चेंज'. सत्तावीस वर्षांच्या मुलाचं पुस्तक लंडनमध्ये निघालं होतं. त्या काळात इथवर पोचलेला माणूस सहसा तिथेच राहायचा. हे परत निघाले. परतीच्या तिकिटालाही पैसे नव्हते. मग एका मालवाहू बोटीवर डेक घासण्याचं काम पत्करलं. ती बोट फ्रेंचांच्या लढाईसाठी इंडोचायनाला, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूला शस्त्रं घेऊन चालली होती.

त्याच वर्षी डेझी दांडेकर यांच्याशी लग्न झालं. मग नोकऱ्यांची रांग. 'इलस्ट्रेटेड वीकली'त सहायक संपादक, जाहिरात कंपनीत कॉपीरायटर, फ्रेम बनवणाऱ्या कंपनीत मॅनेजर, रेडिओवर कला-साहित्याची भाषणं, वर्तमानपत्रात चित्रकलेचं परीक्षण. कवितेवर घर चालत नाही हे तेव्हाही तसंच होतं.

मास्तरांचा खरा वर्ग

१९६१ मध्ये ते विलेपार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजात इंग्रजी विभागाचे प्रमुख झाले. १९७२ पर्यंत तिथे, आणि त्यानंतर १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठात. तिथे त्यांचा विषय होता अमेरिकन साहित्य. मध्ये १९६४ साली इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक. ही झाली सीव्हीवरची शिक्षकी. पण इझिकेलना 'मास्तर' म्हणायचं ते दुसऱ्या एका वर्गासाठी, ज्याला ना हजेरीपट होता ना परीक्षा.

न्यू मरीन लाइन्सला थिऑसॉफी हॉल आहे. तिथे 'पेन' या लेखकांच्या जागतिक संघटनेच्या भारतीय शाखेचं छोटं ऑफिस होतं. कागदपत्रांनी भरलेलं, पंख्याखालचं. इझिकेल अनेक वर्षं संघटनेचं नियतकालिक तिथून काढायचे. आणि मुंबईतला इंग्रजीत कविता करणारा कुठलाही पोरगा किंवा पोरगी, बगलेत फाइल घेऊन, या ऑफिसचे जिने चढायची. ओळखीची चिठ्ठी लागत नसे. ते कविता वाचायचे. मग कुठली ओळ पोकळ आहे, कुठला शब्द नुसता नटायला आलाय, हे तोंडावर सांगायचे. पुन्हा लिहून आणा. बरेच जण दुखावून गेले. जे परत आले त्यांच्यातून एक अख्खी पिढी उभी राहिली.

डॉम मोराइस शाळकरी वयात त्यांना कविता दाखवायचे. त्याच मोराइसना पुढे विशीत ब्रिटनचा हॉथॉर्नडेन पुरस्कार मिळाला. पेशाने डॉक्टर असलेल्या गीव्ह पटेल यांचा पहिला कवितासंग्रह १९६६ मध्ये आला. प्रकाशक कोण? इझिकेल स्वतः. १९८६ मध्ये मेनका शिवदासानी आणि त्यांच्या मित्रांनी 'पोएट्री सर्कल' नावाचा तरुण कवींचा गट सुरू केला, तेव्हाही साठी ओलांडलेले इझिकेल त्यांच्या पाठीशी होते.

संपादकही तसेच. 'क्वेस्ट' नावाच्या वैचारिक नियतकालिकाचे ते पहिले संपादक. 'इम्प्रिंट'मध्ये ते होते. १९६६-६७ मध्ये 'पोएट्री इंडिया' काढलं. सहा अंक निघाले आणि बंद पडलं. पण त्या सहा अंकांत भारतीय भाषांमधल्या कविता इंग्रजी अनुवादात शेजारी-शेजारी आल्या. त्या काळात मराठी-गुजराती-कन्नड कवितेकडे वळूनही न बघणारे इंग्रजी साहित्यिक पुष्कळ होते. इझिकेल त्यातले नव्हते. इंदिरा संत यांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी वृंदा नाबर यांच्यासोबत केला, 'स्नेक-स्किन' या नावाने तो पुस्तकरूपाने आला. कोकणातल्या तेल्यांचा इंग्रजीत लिहिणारा वंशज बेळगावच्या इंदिराबाईंची मराठी दुसऱ्या भाषेत नेतो. मराठी साहित्याच्या गप्पांत ही गोष्ट आजवर फारशी कुणी काढत नाही.

एवढं दुसऱ्यांसाठी करताना स्वतःचं लिहायला वेळ उरत होता का? त्यांच्या नावावर पुस्तकं तशी मोजकी आहेत. 'सिक्स्टी पोएम्स' (१९५३), 'द थर्ड' (१९५९), 'द अनफिनिश्ड मॅन' (१९६०), 'द एक्झॅक्ट नेम' (१९६५), मग थेट ११ वर्षांनी 'हिम्स इन डार्कनेस' (१९७६) आणि १९८२ मध्ये 'लॅटर-डे साम्स'. साठनंतरची ती मोठी फट आणि मिठीबाई-विद्यापीठ-पेनची वर्षं एकमेकांवर ठेवून बघितली की हिशेब लागतो.

त्यांच्या कवितेत नवीन काय होतं?

त्यांच्या आधीची भारतीय इंग्रजी कविता म्हणजे बऱ्याच प्रमाणात सरोजिनी नायडूंच्या पालख्या आणि अरविंदांचं अध्यात्म. सुंदर, पण दागिन्यांनी लगडलेली. रोज लोकलने जाणारा, ऑफिसात वैतागणारा, लग्नात अडकलेला, स्वतःवर शंका घेणारा माणूस तिच्यात नव्हता. मराठीत हे काम मर्ढेकरांनी १९४७ च्या 'काही कविता'मध्ये केलं. इंग्रजीत ते इझिकेलनी केलं. साधं वाक्य, बोलण्यातला सूर, उपरोध, आणि शहर. त्यांचा आग्रह होता की कविता घाईने होत नाही. 'पोएट, लव्हर, बर्डवॉचर' या कवितेत ते कवीची तुलना पक्षीनिरीक्षकाशी करतात. पक्षी दिसायला हवा तर हलायचं नाही, वाट बघायची. शब्दांचंही तसंच.

हसतायत, की ऐकतायत?

सोशल मीडियावर आजही इझिकेल फिरतात ते एका वेगळ्याच कारणाने. 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता. परदेशी निघालेल्या कुणा पुष्पाताईंचा निरोप समारंभ चाललाय आणि एक गृहस्थ इंग्रजीत भाषण ठोकतायत. प्रत्येक क्रियापदाला 'इंग' लावून. विषय सोडून भरकटतायत. पुष्पाताईंपेक्षा सुरतेच्या आठवणी जास्त. 'द पेट्रियट' ही आणखी एक तशीच, शांतता आणि दुधा-लस्सीवर बोलणाऱ्या देशभक्त काकांची.

या कवितांवर दोन टोकांची मतं आहेत. एक बाजू म्हणते, कॉन्व्हेंटवाल्या कवीने सामान्य माणसाच्या तोडक्या इंग्रजीची टिंगल केली. ज्याला इंग्रजीची भीती वाटते त्याच्यावर हसणं सोपं असतं. दुसरी बाजू म्हणते, भारतीय माणूस खरोखर जसा बोलतो ते कवितेत आणायची हिंमत पहिल्यांदा यांनी केली.

हा पेच फक्त आपला नाही. अमेरिकेत पॉल लॉरेन्स डनबार (१८७२-१९०६) नावाचे कृष्णवर्णीय कवी होते. त्यांचे आई-वडील गुलामगिरीत जन्मलेले. डनबार दोन्ही प्रकारे लिहायचे, प्रमाण इंग्रजीत आणि काळ्या लोकांच्या बोलीत. गोऱ्या समीक्षकांनी १८९६ मध्ये त्यांना डोक्यावर घेतलं ते बोलीतल्या कवितांसाठी. टाळ्या पडल्या, पुस्तकं खपली, आणि डनबार आयुष्यभर कुढत राहिले की लोकांना माझ्याकडून तेवढंच हवंय. ऐकणारा कोण आहे यावर बोली हा सन्मान ठरतो की विनोद, हे तेव्हाही तसंच होतं.

इझिकेलची बाजू त्याहून वेगळी आणि जास्त अडचणीची आहे, कारण ते ज्यांच्या इंग्रजीत लिहीत होते ते त्यांचं स्वतःचं इंग्रजी नव्हतं. माझं मत विचाराल तर 'मिस पुष्पा' पुन्हा एकदा मोठ्याने वाचा. पहिल्या वेळी व्याकरणावर हसू येतं. दुसऱ्या वेळी लक्षात येतं की बोलणाऱ्या माणसाला पुष्पाताईंबद्दल खरंच काहीतरी चांगलं म्हणायचंय आणि ते म्हणता येत नाहीये. व्याकरण बरोबर असतं तरी आले नसते ते शब्द. निरोप समारंभ कुठल्या भाषेत धड होतात? हे ऐकू यायला कान लागतो. वर्षानुवर्षं वर्गात आणि स्टाफरूममध्ये बसलेल्या माणसाकडे तो असणार. पण 'द पेट्रियट'बद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही, तिथे काका जरा जास्तच कार्टून झालेत.

नायपॉलना उत्तर

१९६४ मध्ये व्ही. एस. नायपॉल यांचं 'अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस' आलं. त्रिनिदादमध्ये वाढलेल्या, पूर्वजांच्या देशात पहिल्यांदाच आलेल्या लेखकाने भारताची सालटी काढली होती. घाण, सरकारी निर्ढावलेपण, दांभिकता. इथे संताप उसळला. देशाची बदनामी वगैरे, जे आजही ट्रेंड होईल.

इझिकेलनी १९६५ मध्ये 'नायपॉल्स इंडिया अँड माइन' हा दीर्घ निबंध लिहिला. त्याची गंमत अशी की ते नायपॉलना खोटं पाडायला जात नाहीत. दोष आहेत, दिसतात ते खरे आहेत, आणि स्वतः इझिकेलही या देशाचे कडक टीकाकार आहेत, हे ते मान्य करतात. त्यांचं भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. नायपॉल बघतात पण गुंतत नाहीत. एखाद्या कारकुनाच्या वागण्यावरून अख्ख्या समाजाचा निकाल लावतात, त्या कारकुनाचं आयुष्य काय असेल याचा विचार न करता. हिंदू नाही, म्हणून इथल्या बहुसंख्यांच्या आत सहज मावणारा नाही, अशा माणसाने हे लिहिलं म्हणून त्याला धार आहे. 'माझा भारत' हा शब्दप्रयोग त्याने शीर्षकात उगाच नाही घातला. सध्याच्या 'देशावर टीका करणारे विरुद्ध देशप्रेमी' या रोजच्या कुस्तीत कुणाला तिसरी जागा शोधायची असेल, तर हा साठ वर्षांपूर्वीचा निबंध वाचण्यासारखा आहे.

सगळे निघाले, हे राहिले

हा प्रश्न इझिकेलसाठी पुस्तकी नव्हता. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत भायखळा-माझगाव-आग्रीपाड्यातली बेने इस्राएली घरं एकेक करत रिकामी होऊ लागली. छळ झाला म्हणून नव्हे. भारतात ज्यूविरोधी दंगे कधी झालेच नाहीत, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. धर्माची ओढ, नोकऱ्या, आणि आधी गेलेल्या भावाचं पत्र. एकेकाळी वीस हजारांहून जास्त असलेला समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे. तिकडे गेलेल्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, महाराष्ट्र दिन साजरा केला. आणि तिकडेही सुरुवातीला धर्मगुरूंनी 'तुम्ही खरे ज्यू का?' हे विचारलंच. त्यासाठी बेने इस्राएलींना आंदोलन करावं लागलं आणि १९६४ मध्ये कुठे तो प्रश्न सुटला.

इझिकेलना लंडन शक्य होतं, अमेरिका शक्य होती, इस्राएल तर होतंच. ते मुंबईतच राहिले. 'बॅकग्राउंड, कॅज्युअली'चा शेवट याच निर्णयावर येतो, आणि तो कुठल्याही देशभक्तीच्या आवेशाशिवाय येतो. ही जागा मागास आहे, मला ठाऊक आहे, आणि मी इथेच आहे, असा काहीसा त्याचा सूर. 'आयलंड' नावाची त्यांची मुंबईवरची कविता आहे, तिच्यात झोपडपट्टी आणि गगनचुंबी इमारती शेजारी-शेजारी आहेत. हे शहर त्यांना छळतं आणि सोडतही नाही. 'ज्यूइश वेडिंग इन बॉम्बे'मध्ये स्वतःचं लग्न, हुंड्याच्या गप्पा आणि सिनेगॉगमधले विधी ते असे सांगतात की वाचताना आपल्याच चुलतभावाचं लग्न वाटावं.

खाजगी आयुष्य सरळ नव्हतं. लग्न टिकलं नाही, नवरा-बायको पुढे वेगळे राहिले. आयुष्याचा बराच काळ स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या या माणसाने १९६७ च्या अमेरिका दौऱ्यात एलएसडी घेतलं आणि त्यानंतर त्यांचा देवाशी पुन्हा संवाद सुरू झाला. मंत्र-स्तोत्रांच्या चालीवरची नंतरची पुस्तकं त्यातून आली. अर्थात तिथेही ते देवाशी वाद घालतातच. त्याच 'लॅटर-डे साम्स'ला १९८३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८८ मध्ये पद्मश्री. १९८९ मध्ये ऑक्सफर्डने त्यांच्या समग्र कविता काढल्या. प्रस्तावना कुणाची? गीव्ह पटेल यांची. तेवीस वर्षांपूर्वी ज्यांचं पहिलं पुस्तक इझिकेलनी स्वतः छापलं होतं, तेच.

शेवटची वर्षं अल्झायमरने गिळली. 'द एक्झॅक्ट नेम' म्हणजे नेमकं नाव, असं ज्याने पुस्तकाला शीर्षक दिलं त्या माणसाला समोरच्याचं नाव आठवेनासं झालं. कवितेच्या फायली घेऊन येणारे आता नर्सिंग होममध्ये भेटायला यायचे. त्यांच्यावर अधिकृत चरित्र लिहिणारे आर. राज राव यांचं पुस्तक २००० मध्ये आलं. ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईतच इझिकेल गेले. वय ७९.

वाचायचं असेल तर

सुरुवात 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन'नेच करा, पण या वेळी परीक्षा नाही असं समजून. आईचं शेवटचं वाक्य झाल्यावर थांबा आणि बापाकडे बघा, कविता खरी त्याच्याबद्दलही आहे. मग 'बॅकग्राउंड, कॅज्युअली', तिथे भायखळ्याची शाळा भेटेल. 'मिस पुष्पा' मोठ्याने वाचायची, शक्यतो दोन-चार मित्रांसमोर. इंग्रजी गद्य झेपत असेल तर नायपॉलवरचा निबंध. आणि इंदिरा संत मराठीत आधीच वाचल्या असतील, तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'स्नेक-स्किन' दिसल्यास सोडू नका.